लाल दिव्यावर कोणाला जाऊ द्यायचं?

आमच्या भागातल्या एका चौकात मध्यंतरी ‘फ्री लेफ्ट’ची, म्हणजे लाल दिवा असतानाही डावीकडे वळू देणारी पाटी उतरवली गेली आणि दोन आठवड्यांच्या आत ती परत लावा म्हणून सह्यांची मोहीम सुरू झाली. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर या पाटीबद्दल जेवढं लिहिलं गेलं तेवढं उन्हाळ्यात टँकरबद्दलही लिहिलं गेलं नव्हतं. एका बाजूचं म्हणणं असं की अमेरिकेत लाल दिव्यावर वळायला कायद्यानेच परवानगी आहे, मग तिथले लोक काय वेडे आहेत? दुसरी बाजू म्हणते, तिथल्या लोकांना शिस्त आहे, आपल्याला नाही, म्हणून आपल्याकडे ते चालायचं नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. दोघांनीही अमेरिकेचं नाव घेतलं, पण तिथे हा नियम कसा आला आणि त्याने काय केलं हे कोणीच बघितलेलं दिसत नाही. तो शिस्तीमुळे आला नाही आणि शिस्तीच्या जोरावर निभावलाही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लाल दिव्यावर कोणालाही, कधीही जाऊ देऊ नये इतका ताठर मी नाही. काही सवलती योग्य आहेत आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण अशी प्रत्येक सवलत एकाच कसोटीवर घासून बघावी असं मला वाटतं: चालवणाऱ्याचा अंदाज चुकला तर मार कोणाला बसणार? त्याला स्वतःला, की ज्याने काहीच चूक केलेली नाही त्याला? मोटारींना सरसकट दिलेली वळणाची मुभा या कसोटीला उतरत नाही. अमेरिकेतही नाही आणि आमच्या चौकातही नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत लाल दिव्यावर उजवीकडे वळायची मुभा त्याच्या आधीपासून होती. (तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचं उजवं वळण म्हणजे आपलं डावं.) पूर्वेकडची दाट वस्तीची राज्यं मात्र ती द्यायला राजी नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जा बचतीच्या कायद्यावर सही केली. राज्याला बचत योजनेसाठी केंद्राचे पैसे हवे असतील तर लाल दिव्यावरचं वळण खुलं करावं लागेल, अशी त्या कायद्यात अट होती. मग एकेक राज्य वाकत गेलं. सगळ्यात शेवटी, १ जानेवारी १९८० ला, मॅसॅच्युसेट्स. न्यूयॉर्क शहर तेवढं अडून राहिलं. तिथे आजही खास पाटी असल्याशिवाय लाल दिव्यावर वळता येत नाही. पुढे कॅनडातल्या क्वेबेकने २००३ मध्ये ही मुभा दिली तेव्हाही मॉन्ट्रियलचं बेट वगळूनच दिली. जिथे लोक सर्वांत जास्त पायी चालतात नेमक्या त्याच जागांनी हा नियम नको म्हटला. पायी चालणाऱ्यांबद्दल नियम करताना आपण कोणाचं उदाहरण घ्यायचं, मोकळ्या हायवेचं की मॅनहॅटनचं?

त्याच तेलटंचाईने अमेरिकेला आणखी एक नियम दिला होता आणि तो या वादात कोणी काढत नाही. १९७४ च्या सुरुवातीला संपूर्ण देशात वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरवर आणली गेली. हेतू पेट्रोल वाचवण्याचा होता, जीव वाचवण्याचा नव्हता. पण १९७३ मध्ये रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती, ती संख्या १९७४ मध्ये ४५ हजारांवर आली. त्यात लोकांनी गाड्याच कमी काढल्या याचाही वाटा होता हे खरं आहे, पण सगळी घट तेवढ्याने झालेली नाही. आता बघा, टंचाई एक आणि तिच्यातून निघालेले नियम दोन. ज्याने गाडीवाल्याचा वेळ घेतला आणि जीव वाचवले, तो नियम १९८७ मध्ये सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्द झाला. ज्याने गाडीवाल्याचा वेळ वाचवला आणि चालणाऱ्याला धोक्यात घातलं, तो तेल स्वस्त झाल्यावरही तसाच राहिला. थांबलेल्या गाडीचं इंजिन आता कित्येक गाड्यांत आपोआप बंद होतं, विजेवरची गाडी तर सिग्नलला काहीच जाळत नाही. मूळ कारण गेलं, नियम उरला. मग त्याला ‘प्रगत देशाचा अनुभव’ म्हणायचं, की गाडीत बसणाऱ्यांचा आवाज चालणाऱ्यांपेक्षा मोठा असतो याचा पुरावा?

आता आमच्या चौकाकडे येतो. पाटी होती तेव्हाची गोष्ट आहे. माझी आई ७४ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि रस्त्यापलीकडच्या मंडईत भाजी स्वतः निवडून घ्यायची हा तिचा हट्ट आहे. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. पादचाऱ्यांचा हिरवा माणूस लागला, शेजारी २५ सेकंदांचे आकडे उतरायला लागले. समोरच्या दोन रांगा पांढऱ्या रेषेवर थांबल्या. पण फुटपाथला लागून असलेली पहिली रांग डावीकडे वळणाऱ्यांची, आणि ती वाहतच होती. आधी स्कूटर, मग टेम्पो, मग डबलसीट पोरं. झेब्रावर पाऊल टाकायचं तर पहिलं पाऊल त्या वाहत्या रांगेतच पडणार. आईने एक पाय खाली टाकला, मागे घेतला, परत टाकला. तेवढ्यात एक मोटार हळूहळू झेब्रावर सरकली. चालवणारा मान पूर्ण उजवीकडे वळवून येणाऱ्या गाड्यांत फट शोधत होता. गाडी पुढे चालली होती आणि नजर भलतीकडे होती. आई त्याच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. मी बॉनेटवर जोरात थाप मारली तेव्हा त्याने मान फिरवली. चेहरा पांढराफटक पडला बिचाऱ्याचा. काच खाली करून म्हणाला, “सॉरी आजी, दिसलाच नाहीत तुम्ही.” आकडा तोवर नऊवर आला होता.

तो माणूस बेशिस्त नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. तो सावकाश येत होता, फोनवर नव्हता, आणि नियमाने त्याला जे करायला सांगितलं तेच करत होता. लाल दिव्यावर डावीकडे वळणाऱ्याला धोका उजवीकडून असतो, म्हणून तो उजवीकडे बघतो. पायी चालणारा येतो डावीकडच्या फुटपाथवरून. माणसाला डोळ्यांची जोडी एकच आहे. आणि नेमकी हीच वेळ त्या चालणाऱ्याच्या हक्काची असते, कारण गाड्यांचा दिवा लाल असतो तेव्हाच तर त्यांच्यासमोरच्या झेब्रावरचा माणूस हिरवा असतो. शिवाय उजवीकडचं दिसावं म्हणून गाडी रेषा ओलांडून झेब्रावर येऊन उभी राहते, मग चालणाऱ्याला तिला वळसा घालून भर चौकात उतरावं लागतं. शिस्त वाढवून हे सुटणार नाही. जर्मन चालकाला बसवा नाहीतर जपानी चालकाला, त्याची मानसुद्धा उजवीकडेच वळणार.

अमेरिकेच्या कायद्यात लाल दिव्यावर आधी पूर्ण थांबायचं आणि मगच वळायचं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे प्रत्यक्षात किती जण पूर्ण थांबतात? न थांबता चाक फिरतं ठेवून वळणं तिथे इतकं सर्रास आहे की काही शहरं सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने त्यासाठी दंड पाठवतात. हीच ती शिस्त, जिचा दाखला आपण देतो. आपल्याकडे तर पाटीवरच्या ‘फ्री’ या शब्दानेच थांबण्याची अट पुसून टाकली आहे. डाव्या रांगेत सरळ जाणारा एखादा लाल दिव्याला उभा राहिला तर मागून हॉर्नचा असा मारा होतो की तो बिचारा ओशाळून पुढे सरकतो.

विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं आकड्यांचं आहे आणि ते टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने १९९४ मध्ये तिथल्या संसदेला अहवाल दिला. १९८२ ते १९९२ या काळात अशी मुभा असलेल्या चौकांत उजवीकडे वळणाऱ्या वाहनाचे जीवघेणे अपघात झाले ८४. देशभरातल्या एकूण मृत्यूंच्या तुलनेत हे प्रमाण ०.२ टक्क्यांहूनही कमी. त्या नोंदींत अपघाताच्या वेळी दिवा लाल होता की हिरवा हे लिहिलेलंच नसल्यामुळे, खरा आकडा शून्य ते ८४ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, हेही त्या अहवालानेच सांगितलं. एवढ्याशा आकड्यासाठी कोट्यवधी लोकांना रोज थांबवून ठेवायचं का, हा प्रश्न रास्त आहे.

पण तो आकडा काय मोजतो ते बघा. तो फक्त मेलेले मोजतो. वळणारी गाडी हळू असते, त्यामुळे ती ठोकरते तेव्हा माणूस बहुतेक वेळा मरत नाही. त्याचं खुब्याचं हाड मोडतं, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. नियम आला त्या काळात आधीची आणि नंतरची परिस्थिती ताडून बघणारा अभ्यास तिथेच झाला होता. वळणाऱ्या गाड्यांनी पादचाऱ्यांना धडकण्याचं प्रमाण जागेनुसार ४० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत वाढलेलं त्यात दिसलं, आणि सायकलस्वारांचं त्याहूनही जास्त. शिवाय १९९२ ची गाडी आणि आजची गाडी एक नाही. उंच नाकाच्या एसयूव्ही आणि पिकअप ट्रक आल्यापासून चालकाला समोरचं जवळचं कमी दिसतं आणि धडक पायाऐवजी छातीला बसते. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी मेले होते, २०२२ मध्ये साडेसात हजार. या वाढीचा सगळा दोष लाल दिव्यावरच्या वळणाचा आहे, असं म्हणणं लबाडीचं होईल. पण तीस वर्षांपूर्वीचा, तेव्हाच्या गाड्यांवरचा ‘नगण्य’ हा शेरा आज पुढे करणं हीही लबाडीच आहे. आणि जी माणसं भीतीने त्या बाजूला चालतच जायची थांबली, ती कोणत्या तक्त्यात येतात? त्या सकाळनंतर आई दोन महिने मंडईत गेली नाही. अपघात झाला नाही, म्हणून नोंदही नाही.

दुसरा मुद्दा माझ्या एका इंजिनिअर मित्राने काढला आणि तो मला काही दिवस निरुत्तर करून गेला. तो म्हणाला, लाल दिव्यावर वळू दिलं नाहीस तर तीच सगळी मंडळी हिरव्यावर वळणार, आणि तेव्हा दुसरा झेब्रा, ज्या रस्त्यात ती शिरणार त्याच्यावरचा, चालणाऱ्यांनी भरलेला असणार. धोका गेला नाही, फक्त सरकला. बरोबर आहे. पण हिरव्यावर वळणाऱ्याला उजवीकडच्या गाड्यांची धास्ती नसते. त्या थांबलेल्या असतात. त्याची नजर जिकडे गाडी जाते तिकडेच जाते. आणि या दुसऱ्या झेब्र्यासाठी स्वस्त उपाय आहे: पादचाऱ्यांचा हिरवा माणूस गाड्यांच्या हिरव्या दिव्याआधी चार-पाच सेकंद लावायचा. गाड्या हलेपर्यंत माणसं रस्त्याच्या मधोमध, चालकाच्या थेट नजरेसमोर येतात. न्यूयॉर्कने असे सिग्नल हजारो चौकांत बसवले आहेत. लाल दिव्यावर वळायची मुभा असेल तर मात्र हे चार-पाच सेकंद फुकट जातात, कारण गाड्या थांबलेल्याच नसतात.

राहिला कोंडीचा मुद्दा. डावीकडे वळणारे थांबले की मागे रांग वाढते, धूर वाढतो, अ‍ॅम्ब्युलन्स अडकते. रांग थोडी वाढते हे मान्य. पण आपल्याकडे बहुतेक चौकांत डाव्या वळणासाठी वेगळी लेन नाहीच. तिथे फ्री लेफ्टचा फायदा डाव्या रांगेतला पहिला सरळ जाणारा माणूस येईपर्यंतच मिळतो, नंतर उरतो तो फक्त हॉर्न. जिथे वेगळी लेन आहे, मध्ये त्रिकोणी बेट आहे, त्या लेनवर स्वतःचा झेब्रा आणि स्वतःचा दिवा आहे, तिथे ही सवलत द्यायला माझी काही हरकत नाही.

ज्या सवलतींच्या बाजूने मी आहे त्यांच्याकडे आता येतो, कारण त्यांच्यामुळेच कसोटी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ पासून सायकलवाल्यांना थांबा-पाटीपाशी रस्ता मोकळा असेल तर न थांबता जायची मुभा दिली आणि पुढे लाल दिव्यावर थांबून, बघून निघायचीही. नेदरलँड्समध्ये सायकलींना लाल दिव्यावर उजवीकडे वळता येईल अशी पाटी ठिकठिकाणी असते. सायकलवाल्याचा अंदाज चुकला तर हाडं त्याची मोडतात. चाळीस इंच उंचीचं बॉनेट त्याच्यापुढे नसतं, काच नसते, त्याला चौक ऐकूही येतो. तो एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतो, आणि म्हणूनच पादचाऱ्याला आधी जाऊ देण्याची अट तिथेही आहे. पण त्याचं वजन आणि दीड टनाच्या गाडीचं वजन एका तागडीत कसं तोलणार? दुसरं उदाहरण मोटरसायकलचं. अमेरिकेतले कित्येक सिग्नल डांबराखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालतात. गाडीचं धातू वर आलं की दिव्याला कळतं. हलकी मोटरसायकल कधीकधी कळतच नाही आणि माणूस मध्यरात्री रिकाम्या चौकात लाल दिव्यासमोर उभाच राहतो. अशा माणसाने तो दिवा ओलांडला तर त्याला कोर्टात बचाव मांडता येईल असा कायदा मिनेसोटाने २००२ मध्ये केला, नंतर अनेक राज्यांनी केला. इथे चूक यंत्राची आहे, त्याची शिक्षा चालकाला का? आणि अ‍ॅम्ब्युलन्स तर उघडच आहे. ती सायरन वाजवत, दुसऱ्याच्या जिवासाठी जाते. आपल्या कायद्याने २०१९ पासून तिला वाट न देणाऱ्यावर दहा हजारांपर्यंत दंड ठेवला आहे, तो मला मुळीच जास्त वाटत नाही.

हेल्मेटसक्तीला पुण्यात किती वर्षं विरोध होतोय! ‘डोकं माझं, निर्णय माझा’ हे त्या विरोधामागचं म्हणणं. मला ते पटत नाही, कारण डोकं फुटल्यावर घर कोणाचं उघड्यावर पडतं हे मी बघितलंय. पण त्या म्हणण्याला एक आधार निदान आहे, की धोका बव्हंशी स्वतः पत्करलेला असतो. फ्री लेफ्टच्या बाजूने तेवढंही बोलता येत नाही. तिथे वेळ वाचतो गाडीवाल्याचा आणि डोकं असतं दुसऱ्याचं. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. त्याच देशात २०१९ च्या दुरुस्तीने लाल सिग्नल तोडणं ‘धोकादायक वाहन चालवणं’ या कलमात घातलं. मग एक पाटी लावली की तेच लाल सिग्नल ओलांडणं सोयीचं कसं होतं, याचं उत्तर पाटी मागणाऱ्यांनी द्यायला हवं.

‘लोक ऐकणारच नाहीत, मग पाटी काढून काय उपयोग?’ असंही विचारलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये टेंडरलॉइन या दाटीच्या, गरीब वस्तीत पन्नासहून जास्त चौकांत लाल दिव्यावरचं वळण बंद केलं. नंतर पाहणी केली तर दहातले नऊ चालक नियम पाळत होते आणि झेब्रावर चढून उभ्या राहणाऱ्या गाड्या खूप कमी झाल्या होत्या. ही तीच माणसं, ज्यांना दुसऱ्या गल्लीत पूर्ण थांबायचा कंटाळा येत होता. ‘थांब, बघ, तुला योग्य वाटलं तर जा’ हा नियम पाळणं अवघड असतं, कारण तो दर वेळी चालकाच्या घाईला प्रश्न विचारतो. ‘लाल म्हणजे थांब’ एवढंच असलं की विचारायला काही उरत नाही. जर्मनीतही हिरव्या बाणाची पाटी आहे. ती पूर्व जर्मनीत १९७८ मध्ये आली आणि एकीकरणानंतर १९९४ मध्ये साऱ्या देशाने घेतली. पण तिथे पाटी असेल त्याच चौकात वळता येतं, आणि आधी पूर्ण थांबूनच. सवलत द्यायची तर अशी, चौक बघून.

सह्यांचा कागद आमच्या मजल्यावर आला तेव्हा मी सही केली नाही. दुसरा कागद लिहिला: पाटी परत लावू नका, हिरवा माणूस गाड्यांच्या आधी सोडा, आणि डाव्या वळणासाठी जागा असेल तर बेट बांधून तिथे वेगळा दिवा द्या. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला, सही केली आणि विचारलं, “त्या पंचवीसचे पस्तीस सेकंद करा, असं पण लिही ना.” मी ते खाली हाताने लिहिलं.